‘दिवस राहू नयेत’: एका अटीचा हिशेब

नव्या औषधाच्या चाचणीत भाग घ्यायचा म्हटलं की हातात एक जाडजूड माहितीपत्रक येतं. आजार काय, रक्त किती वेळा काढणार, येण्याजाण्याचा खर्च कोण देणार, सगळं त्यात असतं. साधारण मध्यावर एक कलम येतं आणि तिथे समजावून सांगणारा समन्वयक जरा घाईने पुढे सरकतो. ऐकणारी बाई मान खाली घालते, सोबत नवरा असेल तर तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागतो. चाचणीच्या काळात आणि शेवटच्या मात्रेनंतर अमुक दिवस खात्रीचं गर्भनिरोधक वापरणं बंधनकारक राहील, असं ते कलम असतं. त्याखाली कोणती साधनं चालतील, कोणती चालणार नाहीत, गर्भचाचणी कधीकधी होईल आणि पुरुषांनी काय करायचं याचे परिच्छेद येतात.

वाचताना ते हुकूमनाम्यासारखं वाटतं. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक आकडा कशावरून तरी काढलेला असतो. तो कशावरून काढला हे कळलं, की कोणता आकडा रास्त आहे आणि कोणता उगाच चिकटवलेला आहे, हे डॉक्टरांना विचारता येतं.

समजा, वैशाली नावाची एकतीस वर्षांची बाई आहे. पुण्यात राहते, एक मुलगी आहे, चार वर्षांपासून संधिवात आहे. तिच्या डॉक्टरांनी एका नव्या गोळीच्या चाचणीबद्दल विचारलं आणि ती माहितीपत्रक घेऊन घरी आली. तिच्याबरोबर एकेक कलम पाहू. पण आधी ही अट आली कुठून ते सांगायला हवं, कारण तो इतिहास वाटतो त्यापेक्षा उलटा आहे.

१ ऑक्टोबर १९५७ रोजी पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड बाजारात आलं. झोपेसाठी, अस्वस्थपणासाठी, आणि पुढे गरोदरपणातल्या मळमळीसाठीही ते सर्रास घेतलं गेलं. नोव्हेंबर १९६१ मध्ये ते तिथे मागे घेतलं गेलं, पण त्याच्यामुळे जगभर दहा हजारांहून अधिक मुलं जन्मजात व्यंगं घेऊन आली. हात-पाय खुरटलेले, कान नसलेले, हृदयात दोष असलेले. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या औषध प्रशासनातल्या अधिकारी बाईंनी पुरावा अपुरा म्हणून परवानगी अडवून धरली, ही गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते. त्यापुढची गोष्ट कमी सांगितली जाते. परवानगी नसतानाही तिथल्या कंपनीने हजाराहून जास्त डॉक्टरांना पंचवीस लाखांवर गोळ्या ‘तपासणीसाठी’ म्हणून वाटल्या होत्या आणि त्या सुमारे वीस हजार रुग्णांपर्यंत पोचल्या होत्या. यातल्या कित्येकांना आपण एखाद्या चाचणीत आहोत याचा पत्ताही नव्हता. शेकडो बायका गरोदर होत्या. अमेरिकेत या औषधामुळे व्यंग असलेली सतरा मुलं जन्मल्याची नोंद आहे, त्यातली काही या वाटपातली. १९६२ च्या कायद्याने चाचणीतल्या माणसाची संमती घेणं अमेरिकेत सक्तीचं केलं, त्यामागे ही सतरा मुलंही आहेत.

या धक्क्याची प्रतिक्रिया दुसऱ्या टोकाला गेली. १९७७ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने मार्गदर्शक सूचना काढली, की ज्या बाईला मूल होऊ शकतं तिला औषधाच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळावं. जिवावर बेतलेल्या आजारांचा अपवाद होता. बाई अविवाहित आहे, गर्भनिरोधक वापरते, नवऱ्याची नसबंदी झालेली आहे, यातलं काहीही सांगून उपयोग नव्हता. मूल ‘होऊ शकतं’ एवढं पुरे होतं. परिणाम असा, की औषधाची मात्रा पुरुषांच्या शरीरावर ठरायची आणि बायकांना तीच दिली जायची. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचं उदाहरण बोलकं आहे. ती वर्षानुवर्षं दोघांना सारखीच दिली जात होती. बायकांच्या शरीरातून ती हळू उतरते आणि सकाळी गाडी चालवताना गुंगी राहते, हे लक्षात घेऊन २०१३ मध्ये अमेरिकेत बायकांसाठीची मात्रा निम्मी करायला सांगितली गेली.

१९७७ ची सूचना १९९३ मध्ये मागे घेतली गेली. बायकांना सरसकट वगळण्याऐवजी गर्भनिरोधन आणि गर्भचाचणी यांच्या आधाराने सामील करून घ्यावं, असं ठरलं. म्हणजे वैशालीच्या हातातलं कलम तिला बाहेर ठेवायला लिहिलेलं नाही. ते नसतं तर तिला मुळात कोणी विचारलंच नसतं. हे मान्य केलं तरी कलमात काहीही लिहिलेलं खपवून घ्यावं असं होत नाही, आणि तिथेच हिशेब लागतो.

पहिला हिशेब गर्भाचा. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत बाळाचे बहुतेक अवयव आकार घेतात. मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतात ती चेतानलिका अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास मिटते. थॅलिडोमाइडचा घातक काळ साधारण विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसांमधला. आता पाळीचं गणित त्यावर ठेवून पाहा. पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत गर्भधारणेला दोन आठवडे होऊन गेलेले असतात, आणि ज्यांची पाळी मागेपुढे होते त्यांना चेतानलिका मिटेपर्यंत शंकाही येत नाही. ‘दिवस राहिले तर गोळी बंद करू’ हे धोरण म्हणूनच चालत नाही. कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

दुसरा प्रश्न, औषध गर्भाला घातक आहे हे ठाऊक असतं का? बऱ्याचदा नसतं, आणि खरी मेख तीच आहे. माणसांत देण्याआधी प्राण्यांवर गर्भविकाराच्या चाचण्या करतात, साधारणपणे एक उंदीरवर्गीय आणि एक वेगळ्या जातीचा प्राणी, म्हणजे बहुधा घूस-उंदीर वर्गातला रॅट आणि ससा. दोन जाती घेण्याची शिकवणही थॅलिडोमाइडचीच. रॅटमध्ये त्याचा परिणाम जवळजवळ दिसत नाही, सशात मात्र दिसतो. या चाचण्यांना वेळ लागतो, आणि माणसांतल्या पहिल्या छोट्या चाचण्या सुरू होतात तेव्हा त्या पुष्कळदा पूर्ण झालेल्या नसतात. आंतरराष्ट्रीय नियम त्याला सवड देतात, पण एका अटीवर: जितकी माहिती कमी तितका गर्भनिरोधनाचा बंदोबस्त कडक. म्हणून वैशालीने विचारायचा पहिला प्रश्न हा: या औषधाच्या प्राण्यांवरच्या गर्भविकाराच्या चाचण्या झाल्या आहेत का, आणि त्यांत काय दिसलं? उत्तर तीन प्रकारचं असू शकतं. घातक आहे असं दिसलं. तसं काही दिसलं नाही. किंवा अजून चाचण्या व्हायच्या आहेत. तिन्हींसाठी कलम सारखंच कडक असेल, तर कोणीतरी जुन्या कागदावरून उतरवून घेतलंय असं समजायला हरकत नाही. असं उतरवणं पुष्कळ चालतं.

आता ही अट कोणाला लागू होते. युरोपीय देशांच्या औषध नियामकांच्या गटाने २०१४ मध्ये यासाठी शिफारशी काढल्या, पुढे त्या सुधारल्या गेल्या, आणि बहुराष्ट्रीय चाचण्यांमधून त्यांची भाषा आपल्याकडच्या कागदांतही उतरली आहे. त्यांच्या व्याख्येत पहिली पाळी येण्यापासून रजोनिवृत्तीपर्यंत प्रत्येक स्त्री मोडते, जोवर तिला कायमचं वंध्यत्व आलेलं नाही. कायमचं म्हणजे गर्भाशय काढलेलं, दोन्ही बाजूंच्या बीजवाहिन्या काढलेल्या किंवा दोन्ही अंडाशयं काढलेली. आपल्याकडे इथे हमखास गोंधळ होतो. बाई सांगते, ‘माझं ऑपरेशन झालंय.’ कोणतं? कुटुंबनियोजनाचं की पिशवी काढण्याचं? बीजवाहिन्या बांधण्याच्या शस्त्रक्रियेला या शिफारशींत कायमचं वंध्यत्व मानत नाहीत. ते खात्रीचं गर्भनिरोधक मानतात. त्यामुळे अशा बाईला वेगळं साधन वापरायला सांगत नाहीत, पण गर्भचाचणी मात्र करतात, कारण क्वचित का होईना, ते ऑपरेशन फसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली, पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण ०.३ टक्के. म्हणजे आपल्याकडच्या चाचण्यांत हा प्रश्न अपवादाचा नाही, रोजचा आहे. ‘ऑपरेशन झालंय ना, मग लघवीची चाचणी कशाला?’ असं विचारणाऱ्या बाईला कोणीतरी एवढं नीट सांगावं. डिस्चार्ज कार्ड घरी असेल तर सोबत आणावं, वाद तिथेच मिटतो.

रजोनिवृत्तीची व्याख्या बारा महिने पाळी नाही आणि त्याला दुसरं वैद्यकीय कारण नाही, अशी. एकदा रक्तातलं एफएसएच हे संप्रेरक वाढलेलं दिसलं म्हणून पाळी गेली असं धरत नाहीत. पन्नाशीच्या आसपास सहा महिने गायब झालेली पाळी परत येते, हे घरातल्या थोरल्या बायका डॉक्टरांना न विचारता सांगतील.

मग साधनांची यादी. इथला मुख्य आकडा आहे एक टक्का. शंभर बायकांनी वर्षभर नीट वापरलं आणि एकीहूनही कमी बाईला दिवस राहिले, तर ते साधन ‘अत्यंत परिणामकारक’. तांबी, संप्रेरक सोडणारी तांबी, त्वचेखालची कांडी, इंजेक्शन, दोन संप्रेरकांची रोजची गोळी, बांधलेल्या बीजवाहिन्या आणि नसबंदी झालेला एकमेव जोडीदार ही त्या वर्गातली. नसबंदीच्या बाबतीत शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याची वैद्यकीय खात्री लागते. आपल्याकडे बिनटाका नसबंदीनंतर तीन महिन्यांनी वीर्यतपासणीला बोलावतात आणि बरेच पुरुष जात नाहीत, म्हणून ही खात्री कागदावर अनेकदा सापडत नाही. निरोध त्याखालच्या वर्गात येतो. सुरक्षित दिवस मोजणं, बाहेर काढून घेणं, बाळाला अंगावर पाजत असल्याने दिवस राहणार नाहीत हा भरवसा, ही तिन्ही यादीत थेट अमान्य आहेत.

या ‘नीट वापरलं तर’ मध्ये मोठी पळवाट आहे. रोजची गोळी अगदी वेळच्या वेळी घेतली तर वर्षात शंभरातल्या एकीहून बऱ्याच कमी जणींना दिवस राहतात. प्रत्यक्ष संसारात, गोळी विसरणं, पाकीट संपणं, गावाला जाताना घरीच राहणं हे सगळं धरून तो आकडा सातच्या आसपास जातो. निरोधचा दोनवरून तेरावर. तांबीचा मात्र फारसा हलत नाही, कारण रोज लक्षात ठेवण्यासारखं तिच्यात काही नाही. कागदावर गोळी आणि तांबी एकाच रकान्यात असतात. माझ्या मते औषध गर्भाला घातक असल्याचं माहीत असेल तर त्यांना एका रकान्यात ठेवणंच चूक आहे, आणि चाचणीचा आराखडा तपासणाऱ्या एथिक्स कमिटीने ते विचारायला हवं.

भारतातली यादी थोडी वेगळी असायला हवी, पण ती पुष्कळदा युरोपातून जशीच्या तशी येते. आपल्या सरकारी केंद्रांत निरोध, माला-एन, तांबी, तीन महिन्यांचं ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ ही आठवड्याची गोळी मोफत मिळतात. छाया म्हणजे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेलं सेंटक्रोमन. त्यात संप्रेरक नाही, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा घ्यायची. युरोपीय यादीत ती नाही. ज्या बाईला ती सोसते आणि दुसरं काही सोसत नाही, तिचं काय, याचं उत्तर चाचणीच्या आराखड्यात आधी असावं लागतं. अंतराच्या बाबतीत दुसरी गोष्ट सांगायला विसरतात. शेवटच्या इंजेक्शननंतर गर्भधारणेची क्षमता परत यायला सरासरी सात ते दहा महिने लागतात. चाचणी संपल्यावर लगेच दुसरं मूल हवं असलेल्या वैशालीला तांबी जास्त सोयीची. काढली की मोकळी.

आणि औषधाऔषधांचं भांडण. काही औषधं यकृतातल्या विकरांना चेतवतात आणि गर्भनिरोधक गोळीतली संप्रेरकं वेगाने मोडून टाकली जातात. क्षयावरचं रिफाम्पिसिन यासाठी प्रसिद्ध आहे, फिटवरची काही औषधंही तसंच करतात. नवं औषध असं करतं का, हे ठाऊक होईपर्यंत गोळीवर विसंबता येत नाही, म्हणून कित्येक चाचण्यांत गोळीसोबत निरोधही सांगतात. दोन साधनं एकदम सांगितली म्हणजे डॉक्टर अविश्वास दाखवतात असं समजण्याचं कारण नाही. स्त्रीचा निरोध आणि पुरुषाचा निरोध मात्र एकदम वापरू नयेत, घर्षणाने फाटतात.

यादीत शेवटी ‘संयम’ असतो. तो अत्यंत परिणामकारक मानला आहे, पण तो त्या व्यक्तीचा नेहमीचा, स्वतः निवडलेला जीवनक्रम असेल तरच. चाचणीपुरता पाळण्याचं वचन धरत नाहीत, कारण असली वचनं टिकत नाहीत. संन्यस्त स्त्री, एकटी राहणारी विधवा, फक्त स्त्रीशी संबंध असलेली स्त्री यांच्यावर गोळी लादण्याची गरज नाही, ती सोय या ओळीत आहे. अडचण येते ती अविवाहित मुलीच्या बाबतीत. आईच्या समोर ‘गर्भनिरोधक वापरता का?’ असं विचारलं, तर उत्तर ‘नाही, तसलं काही नाही’ हेच येणार, आणि ते खरं की नाही हे कोणालाच कळणार नाही. हा प्रश्न एकटीला, दार लावून विचारायचा असतो. अठरा वर्षांखालच्या मुलींच्या चाचणीत तर आणखी गुंता आहे. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यानुसार गर्भचाचणी सकारात्मक आली तर पोलिसांना कळवणं बंधनकारक ठरतं. डॉक्टरांनी हे चाचणीआधी मुलीला सांगायला हवं. नंतर सांगणं म्हणजे तिला फसवणं.

गर्भचाचणी सुरुवातीला, बहुधा दर महिन्याला आणि शेवटी होते, पाळी लांबली तर मधेही. एकदा नकारात्मक आली म्हणून भागत नाही, कारण गर्भधारणेनंतर पहिला आठवडाभर ही चाचणी ज्याला शोधते ते एचसीजी हे संप्रेरक रक्तात किंवा लघवीत शोधण्याजोगं नसतंच. म्हणून सर्वांत जोखमीच्या औषधांसाठी दोनदा करतात. थॅलिडोमाइड कुष्ठरोगातल्या एका वेदनामय रिअॅक्शनवर गुणकारी आहे, हे १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये जेकब शेस्किन या डॉक्टरांच्या ध्यानात आलं. १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला याच कारणासाठी परवानगी मिळाली आणि सोबत कडक कार्यक्रम आला. त्या कार्यक्रमाच्या पुढच्या काळातल्या नियमांनुसार औषध सुरू होण्याच्या दहा ते चौदा दिवस आधी एक गर्भचाचणी, मग शेवटच्या चोवीस तासांत दुसरी, चार आठवडे आधीपासून दोन साधनं. ज्या औषधाने ही अट जन्माला घातली तेच औषध याच अटीच्या आधाराने परत आलं. पुढे मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावरही ते वापरलं गेलं.

आता पुरुष. वैशालीच्या जागी तिचा नवरा चाचणीत असता तर? बहुतेक पुरुषांना हा परिच्छेद वाचून आश्चर्य वाटतं. कारणं दोन. एक, औषध वीर्यातून जोडीदाराच्या शरीरात जाऊ शकतं. त्यासाठी निरोध, आणि नसबंदी झाली असली तरीही निरोध, कारण नसबंदीने शुक्राणू अडतात, द्रव अडत नाही. बायको आधीच गरोदर असली तरी हाच नियम. दोन, औषध जनुकांना इजा करणारं असेल तर ती इजा शुक्राणूतून पुढे जाऊ शकते. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस आणि मग बाहेर पडण्यायोग्य व्हायला आणखी काही दिवस लागतात. म्हणून पुरुषांसाठी तीन महिन्यांचा आकडा वारंवार दिसतो. या काळात वीर्यदानही करायचं नसतं.

मुदतीचा हिशेब सगळ्यांत सोपा, आणि तो रुग्णाला करून दाखवलेला क्वचित दिसतो. शरीरातलं औषध निम्मं व्हायला जितका वेळ लागतो त्याला अर्धायुकाल म्हणतात. पाच अर्धायुकाल गेले की मूळच्या औषधाचा बत्तिसावा भाग, म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास उरतो. तिथे ‘औषध गेलं’ असं धरतात. गोळीचा अर्धायुकाल १४ तास असेल तर पाच पट म्हणजे ७० तास, तीन दिवस. प्रतिपिंडावर आधारलेल्या इंजेक्शनचा अर्धायुकाल तीन आठवड्यांच्या आसपास असतो, म्हणजे १०५ दिवस, साडेतीन महिने. जनुकांना इजा करणाऱ्या औषधांत यावर आणखी भर घालतात, पुरुषांना तीन महिने, स्त्रियांना सहा महिने, कारण अंडाशयात एक स्त्रीबीज पिकण्याची प्रक्रिया त्या मानाने लांब चालते. मुरमांवरचं आयसोट्रेटिनॉइन गर्भाला अतिशय घातक असूनही एका महिन्याने मोकळीक देतं, कारण ते लवकर शरीराबाहेर पडतं. सोरायसिसवरचं अॅसिट्रेटिन मात्र दारू घेतली तर शरीरात दुसऱ्या, चरबीत साठून राहणाऱ्या औषधात बदलतं, म्हणून त्याची मुदत तीन वर्षं. घातकपणा आणि मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुदत लांब म्हणून औषध जास्त वाईट, असं नसतं.

वैशालीच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे, आणि ती फारशी हसण्यासारखी नाही. संधिवातासाठी ती आधीपासून आठवड्याला मेथोट्रेक्सेट घेते आहे. ते गर्भाला घातक म्हणून ओळखलं जातं, आणि शेवटच्या मात्रेनंतर स्त्रियांनी सहा महिने, पुरुषांनी तीन महिने गर्भधारणा टाळावी असं अमेरिकेतल्या त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे. चाचणीत भाग घेतला नसता तरी तिला हे सांगायला हवं होतं. औषधाच्या दुकानात कोणी संमतीपत्र भरून घेत नाही, त्यामुळे अशी माहिती चाचणीच्या निमित्ताने पहिल्यांदा कळते, असं होऊ शकतं.

अट जास्त ताणली की काय होतं, याचा धडा डोल्युटेग्राविरने दिला. एचआयव्हीवरचं हे चांगलं, स्वस्त होत चाललेलं औषध. मे २०१८ मध्ये बोत्सवानातल्या एका पाहणीत ४२६ बाळंतपणांत चार बाळांना चेतानलिकेचा दोष आढळला, ०.९४ टक्के, इतरांत तो ०.१२ टक्के होता. सावधगिरीचे इशारे निघाले. काही देशांनी मूल होऊ शकणाऱ्या बायकांना हे औषध देणंच थांबवलं, काहींनी गर्भनिरोधकाचा पुरावा मागितला. जुलैमध्ये किगाली इथे जमलेल्या एचआयव्हीसह जगणाऱ्या आफ्रिकी बायकांनी सांगितलं, की धोका काय आहे ते आम्हाला सांगा, निवड आम्ही करू. वर्षभराने संख्या १६८३ बाळंतपणांत पाच झाली, म्हणजे ०.३० टक्के, पुढे तर फरक उरलाच नाही. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते सगळ्यांसाठी सुचवलं. मधल्या काळात कित्येक बायका जास्त त्रासदायक औषधं घेत राहिल्या. पहिल्या इशाऱ्यात चूक नव्हती, चार बाळं हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नव्हताच. चूक होती ती धोक्याची शक्यता दिसताच निर्णय बायकांच्या हातून काढून घेण्यात.

गरोदर बायकांना वगळण्याची किंमत आपणही मोजली. कोविडच्या लसींच्या सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांत त्या नव्हत्या, म्हणून त्यांच्यासाठी आकडेच नव्हते. भारतात गरोदर स्त्रियांना लस घ्यायला परवानगी मिळाली ती २ जुलै २०२१ ला, दुसरी लाट ओसरत आल्यावर. त्यात भर म्हणून, एका परदेशी लसीच्या चाचणीत शेवटच्या मात्रेनंतर २८ दिवस गर्भनिरोधक वापरण्याची नेहमीची अट होती, ती कागदातून उचलून ‘लसीने वंध्यत्व येतं म्हणूनच हे लिहिलंय’ अशी अफवा उठली. अट समजावून न सांगण्याची ही आणखी एक किंमत.

भारतीय कायदा यात कुठे आहे? १९ मार्च २०१९ पासून लागू असलेल्या नव्या औषधांच्या आणि चाचण्यांच्या नियमांत गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना तेव्हाच घ्यावं असं आहे, जेव्हा औषध त्यांच्यासाठी किंवा बाळांसाठीच आहे आणि इतर स्त्रियांतली माहिती पुरेशी नाही. सहभागी स्त्री गरोदर असेल किंवा होऊ शकत असेल, तर गर्भाला आज न दिसणारे धोके असू शकतात, हे संमतीपत्रात लिहिण्याची तरतूद आहे. कोणतं साधन, किती महिने, हे कायदा ठरवून देत नाही. ते कंपनीचा आराखडा ठरवतो आणि एथिक्स कमिटी तपासते. या समितीत किमान सात जण लागतात, त्यांत एक वैद्यकाबाहेरची सामान्य व्यक्ती आणि किमान एक स्त्री. ‘छाया चालेल का?’ हा प्रश्न कंपनीच्या मुख्यालयाला सुचणार नाही. या सात जणांपैकी कोणाला तरी तो सुचायला हवा.

आणि एवढं करूनही दिवस राहिले तर? वैशालीने पहिल्यांदा समन्वयकाला फोन करायचा, ओरडा बसेल म्हणून लपवायचं नाही. औषध बहुतेक वेळा लगेच थांबवतात. गरज पडली तर तिला खरं औषध मिळत होतं की नकली गोळी, हे उघड करता येतं. तिने नियम मोडला का, ही चौकशी या घडीला गौण आहे, कारण एक टक्क्याचा आकडा कधीच शून्य नसतो. गर्भ ठेवायचा की नाही हा निर्णय तिचा. डॉक्टरांचा नाही, कंपनीचा तर नाहीच. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक फसणं हे कारण विवाहितेपुरतं राहिलेलं नाही, कोणत्याही स्त्रीला ते लागू होतं. ठेवायचं ठरलं, तर बाळंतपणापर्यंत आणि त्यानंतर काही काळ बाळाची माहिती घेत राहतात. ती माहिती पुढच्या बाईच्या कामाची असते. चाचणीत नवरा असेल आणि दिवस बायकोला राहिले, तर तिची वेगळी संमती लागते, कारण तिने कशावरही सही केलेली नव्हती. ती नाही म्हणू शकते.

बाळाला इजा झाली तर भरपाईचं कलम आहे. आई किंवा वडील चाचणीत सहभागी असल्यामुळे गर्भातल्या बाळाला झालेली इजा ही चाचणीशी संबंधित इजा धरावी, असं २०१९ च्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि २०१३ च्या नियमांतही ते होतं. ‘आई किंवा वडील’ हे शब्द महत्त्वाचे, म्हणून पुरुषांनीही संमतीपत्राची आपली प्रत फेकून देऊ नये. सही केल्यावर एक प्रत मिळणं हा हक्क आहे. वैशालीने त्या प्रतीवर समन्वयकाकडून आणखी एक ओळ लिहून घ्यावी: शेवटची गोळी घेतल्यावर तांबी नेमक्या कोणत्या तारखेला काढली तर चालेल. ‘पाच अर्धायुकाल’ असं उत्तर मिळालं, तर समोर बसून गुणाकार करून घ्यावा.